पत्ता नाही म्हणून कोणाला परत पाठवू नका



उन्हाळा सरत आला आहे. जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील आणि त्याच सुमारास पाऊसही लागेल. घर असलेल्यांचे हे दिवस पेरणीच्या आणि नव्या वह्यापुस्तकांच्या लगबगीत जातात. ज्यांना घर नाही, त्यांच्यासाठी वर्षातले सर्वांत कठीण दिवस हेच. पालात पाणी शिरते, चूल पेटत नाही, लेकरांना हगवण लागते, ताप चढतो, रात्री अंथरुणाजवळ साप निघतो. अशा वेळी पालातली बाई कडेवरचे पोर घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो आधार कार्डाचा. तिचा मोठा मुलगा शाळेच्या दारात जातो, तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

या लेकरांची नावे शाळेच्या पटावर यावीत आणि त्यांच्या आईबापांना दवाखान्यातून उपचाराविना परतावे लागू नये, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. ते शासनाला आहेच, पण आधी तुम्हा-आम्हाला आहे. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले आहेत, म्हणून ते आजच करावे लागत आहे.

आमचे म्हणणे एकच आहे. बेघर माणसाला घर मिळायला वेळ लागेल. त्यासाठीची लढाई लांबची आहे आणि ती लढावीच लागेल. पण सहा वर्षांचे मूल घरकुलाच्या यादीत नाव लागेपर्यंत सहा वर्षांचे राहत नाही, आणि क्षयरोग जागेचा सातबारा होईपर्यंत थांबत नाही. शाळा आणि दवाखाना यांना घराची अट नाही. कायद्याने ती घातलेली नाही. ती घातली आहे आपल्या कारभाराच्या सवयीने, आणि ही सवय मोडण्यासाठी त्या खिडकीशी बेघर माणसाच्या शेजारी कोणीतरी उभे राहावे लागते. ते कोणीतरी तुम्ही व्हावे, हीच विनंती आहे.

ही माणसे कोण?

यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके आहेत, आणि एकही तालुका असा नाही जिथे छपराविना माणसे नाहीत. आपण त्यांना रोज पाहतो. गावाबाहेरच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर फासेपारध्यांचे बेडे आहेत. ताडपत्री, जुनी लुगडी आणि बांबू यांवर उभी असलेली ती पाले अतिक्रमण ठरतात आणि कधीही उठवली जातात. बहुरूपी, नाथजोगी, वडार यांची बिऱ्हाडे आज या शिवारात, तर महिन्याने दुसऱ्या तालुक्यात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात, नंतर वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर मजुरांची कुटुंबे उघड्यावर संसार मांडतात. पुसद, उमरखेड, महागाव या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात आणि जवळजवळ अर्धे वर्ष फडावरच्या कोपीत काढतात. बसस्थानकाच्या बाकांवर, देवळाच्या ओट्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रात्र काढणारे म्हातारे आहेत, सासरने बाहेर काढलेल्या बाया आहेत, आणि ज्यांना स्वतःचे नावही सांगता येत नाही असे मनोरुग्ण आहेत.

२०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजार ९०८ बेघर माणसे मोजली. ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. जी माणसे त्या रात्री गणकाच्या वाटेत आली नाहीत, ती सरकारच्या हिशेबात नाहीत.

या बेघरपणामागे इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेल्या मुलाच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे तो शिक्का कायम होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कायद्याच्या वहीतून नाव गेले, गावाच्या मनातून गेले नाही. चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावर जातात. त्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याची पिढीजात शिकार बंद झाली. जंगल वाचवणे आवश्यकच होते. पण ज्याची उपजीविका गेली त्याला जमीन, घर आणि हाताला काम देण्याची जबाबदारी त्याच तत्परतेने कोणी पार पाडली नाही. म्हणून आजही बेड्यावरची पोरे सिग्नलवर हात पसरताना दिसतात.

कागदाला कागद लागतो

बेघर माणसाची अडवणूक एका मोठ्या अन्यायाने होत नाही, लहान लहान नकारांनी होते. जन्म पालात झाला, म्हणून जन्मदाखला नाही. जन्मदाखला नाही, म्हणून आधार नाही. आधार नाही, म्हणून रेशनकार्डात नाव नाही. रहिवासी पुरावा नाही, म्हणून जातीचा दाखला नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त-भटक्या माणसाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाला कोणत्याच गावाने रात्रभर टिकू दिले नाही, त्याने १९५० सालचा गावाचा पुरावा कुठून आणायचा?

जातीचा दाखला नाही, म्हणून पारध्याला शबरी घरकुल नाही आणि भटक्याला यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना नाही. ही योजना २०११ पासून आहे. तिच्यात कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. म्हणजे घर नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून घर नाही. या फेऱ्यात एक माणूस म्हातारा होतो आणि त्याचा मुलगा त्याच फेऱ्यात पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

दुसरीकडे याच जिल्ह्यात काय घडले ते पाहा. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या हजार-दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीच्या नावावर २७ हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघडकीस आले आणि चौकशी सुरू झाली. जे मूल त्या गावात कधी जन्मलेच नाही, त्याचा दाखला संगणकातून निघाला. आणि जे मूल आपल्या डोळ्यांदेखत शिवारात जन्मले, त्याच्या आईला दाखल्यासाठी चकरा माराव्या लागतात. असे घोटाळे झाले की तपासणी कडक होते, आणि कडक तपासणीचा पहिला फटका ज्याच्याजवळ काहीच कागद नाही त्यालाच बसतो. खोट्या नोंदी रद्द व्हायलाच हव्यात. पण त्या धास्तीने खऱ्या नोंदी अडता कामा नयेत.

शाळेचे दार

मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम १४ स्पष्ट सांगते की वयाचा पुरावा नाही या कारणाने कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. रुग्णालयातली किंवा परिचारिकेच्या वहीतली नोंद, अंगणवाडीतली नोंद, आणि यातले काहीच नसेल तर आईबापाने लिहून दिलेले वय एवढ्यावर प्रवेश द्यायचा आहे. वर्ष सुरू होऊन गेले असले तरी प्रवेश द्यायचा आहे. दहा वर्षांचे मूल पहिल्यांदाच शाळेत आले, तर त्याला वयानुसार वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून नवी शाळा अडवू शकत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत आणण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे जिल्हा परिषद आणि नगर परिषदेवर टाकली आहे. आधार कार्डाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगून ठेवले आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नाही.

एवढे सगळे असताना पोर दाराबाहेर का राहते? त्याचे एक कारण शिक्षकांच्या अडचणीत आहे, आणि ते प्रामाणिकपणे समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यात शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदे, ज्या पटावर ठरते, त्यात आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांनाच धरले जाते. ज्याचे आधार नाही, ते मूल वर्गात बसलेले असते, पण शिक्षकांच्या पदांच्या हिशेबात नसते. त्यात ते मूल दोन महिन्यांनी दुसऱ्या गावाला जाणार असते. मुख्याध्यापकाला प्रवेश द्यायची इच्छा असली, तरी पुढे द्यावी लागणारी उत्तरे त्याला दिसू लागतात. हा दोष एका शाळेचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तो वरच सुधारला पाहिजे. मूल मोजायचे ते त्याच्या हजेरीवरून मोजा, त्याच्या कार्डावरून नको, ही मागणी पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी मिळून लावून धरायला हवी.

दुसरे कारण वर्गाच्या आत आहे. फासेपारध्याच्या मुलाच्या घरी वाघरी भाषा बोलतात. वर्गातली मराठी त्याला परकी वाटते. आंघोळीला पाणी नाही, गणवेश धुवायला जागा नाही, रात्री अभ्यासाला दिवा नाही. बाकीची मुले शेजारी बसत नाहीत. कोणाची पेन्सिल हरवली की नजर त्याच्याकडेच वळते. प्रवेश मिळून चार दिवसांत ते शाळा सोडते आणि आपण म्हणतो, यांना शिक्षणाची आवडच नाही.

आवड असते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ साली प्रश्नचिन्ह आश्रमशाळा उभी केली. भीक मागणारी मुले गोळा करून आणली आणि ती तिथे शिकू लागली. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात २०१९ साली त्याच शाळेच्या इमारतींचा काही भाग पाडला गेला. शाळा तरीही चालू राहिली. आपल्या भाषेत बोलणारा, आपल्याला चोर न समजणारा एक माणूस वर्गात असला, तर बेड्यावरचे मूल शाळेत टिकते, हे या शाळेने दाखवून दिले आहे.

आणि आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगावे लागू नये. पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ या राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यातल्या मुलाला शाळा मिळाली तर ते कुठवर जाऊ शकते, याचा दाखला देण्यासाठी यवतमाळला दुसऱ्या जिल्ह्याकडे पाहण्याची गरज नाही.

दवाखान्याची खिडकी

आता आजाराकडे या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अशा ठिकाणी, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण या निर्णयात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येत नाहीत, आणि यवतमाळमधले सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय नेमके श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे. गंभीर रुग्ण सगळ्या तालुक्यांतून तिथेच पाठवला जातो. तिथे सवलत आणि योजना यांसाठी पुन्हा कार्डाचा प्रश्न येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा तर रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत ग्रामीण भागातली छप्पर नसलेली आणि भिक्षेवर जगणारी कुटुंबे आपोआप पात्र धरली आहेत. पण ती पात्रता २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून ठरते. जो तेव्हा मोजला गेला नाही, तो पात्र असूनही यादीत नाही.

कागदाचा अडथळा कसाबसा पार पडला, तर दुसरा प्रश्न उभा राहतो: "सोबत कोण आहे?" आपल्या सरकारी रुग्णालयांचा गाडा निम्मा नातेवाइकांवर चालतो, हे तिथे एकदा राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत नेणे, रिपोर्ट आणणे, बाहेरून औषध आणणे, स्ट्रेचर ढकलणे, रुग्णाला शौचास नेणे, शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करणे, ही सारी कामे नातेवाईक करतात. ज्याला नातेवाईक नाही, त्याने काय करावे? बसस्थानकावर पडलेल्या म्हाताऱ्याला १०८ ची गाडी रुग्णालयापर्यंत आणते. खाटेवर एकटा पडल्यावर त्याच्या फाइलीतले एकेक काम अडत जाते, आणि एके दिवशी तो उठून पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसतो. नोंदीत लिहिले जाते की रुग्ण न सांगता निघून गेला.

तिसरा अडथळा सुटी मिळाल्यानंतरचा. डॉक्टर सांगतात की जखम कोरडी ठेवा, उकळलेले पाणी प्या, वेळेवर जेवा, आठ दिवसांनी दाखवायला या. पावसात पालात जखम कोरडी कशी राहणार? क्षयरोगाची औषधे किमान सहा महिने, एकही दिवस न चुकता घ्यावी लागतात. बिऱ्हाड तोवर दोन तालुके ओलांडते. औषध मध्येच सुटले की रोग चिवट होतो, आणि तो रोग मग पालापुरता राहत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन थंड ठेवायला जागा नाही. सिकलसेलच्या मुलाला थंडी, तहान आणि अंगमेहनत या तिन्हींपासून जपायचे असते. उघड्यावर राहणाऱ्या आईला यातले एकही तिच्या हातात नसते.

बाईचे हाल तर दुप्पट. पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, बाळंतपणात पाणी नाही, रात्री झोप म्हणजे राखण. गरोदरपणाची नोंद ज्या गावात झाली, ते गाव सातव्या महिन्यात मागे पडते. नव्या गावातल्या आशाताईच्या यादीत तिचे नाव नसते. बाळाला जन्मतः लसी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग नवव्या महिन्यात, असे वेळापत्रक असते. ते एका जागी राहणाऱ्या घरासाठी आखलेले आहे. वास्तविक कोणत्याही गावच्या लसीकरणाच्या दिवशी कोणत्याही गावच्या बाळाला लस देता येते. ते बाळ तिथवर पोहोचवायला कोणीतरी हवे, एवढेच.

मुलांची आरोग्य तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते. म्हणजे शाळेबाहेर राहिलेले मूल दवाखान्याबाहेरही राहते. शिक्षण आणि आरोग्य हे बेघर मुलासाठी दोन प्रश्न नाहीत. एक दार बंद झाले की दुसरेही बंद होते, आणि एक उघडले तर दुसरे उघडण्याची शक्यता वाढते.

रस्त्यावरचे मनोरुग्ण

सर्वांत एकटा आहे तो रस्त्यावर फिरणारा मनोरुग्ण. आपण त्याला वेडा म्हणून ओलांडून जातो. पोरे दगड मारतात. पायाची जखम चिघळून किडे पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सांगतो की असा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा आहे. आणि बेघर किंवा निराधार मनोरुग्णाला सरकारी संस्थेत संपूर्ण मोफत उपचारांचा हक्क आहे, मग दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो.

हा आजार बरा होऊ शकतो, आणि बरा झालेला माणूस घरी परतू शकतो. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोहोचवले. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. आपल्या यवतमाळमध्ये नंददीप फाउंडेशन अशा माणसांसाठी निवारा चालवते. अशा कामाला अन्नधान्य, औषधे आणि पैसा लागतो. त्याहून जास्त गरज आहे ती मनोविकार तज्ज्ञांच्या नियमित भेटींची, आणि बरा झालेला माणूस घरी गेल्यावर त्याला पुन्हा स्वीकारणाऱ्या गावाची.

आता आपण काय करायचे?

गावकऱ्यांनो, आपल्या शिवारात, वीटभट्टीवर, जिनिंगवर किंवा बसस्थानकावर कोण राहते ते या आठवड्यात जाऊन पाहा. त्यांची विचारपूस करा. सहा ते चौदा वयाची मुले किती, गरोदर बाया किती, आजारी कोण, एवढे एका कागदावर लिहा आणि तो कागद शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि आशाताईंना द्या. शाळा उघडेल त्या दिवशी एका मुलाचा हात धरून त्याच्यासोबत शाळेत जा. आईला अंगठा उठवायचा असेल तर शेजारी बसा. कोणी अडवलेच, तर कायद्याचे कलम सांगा आणि नकार लेखी मागा.

मुख्याध्यापक आणि शिक्षकांनो, तुमच्या ओझ्याची आम्हाला जाणीव आहे. तरीही विनंती आहे की या मुलांना आधी वर्गात बसवा, कागद नंतर पाहू. बालरक्षक म्हणून तुमच्यातल्या अनेकांनी शाळाबाह्य मुले परत आणली आहेत. कुटुंब गाव सोडणार असेल तर मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे पुढच्या शाळेत त्याची वाट मोकळी राहील. आईबाप ऊसतोडीला जाणार असतील, तर मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीची वाट न पाहता आत्ताच पाठवा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, तुमच्या हद्दीत पालात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद एकवीस दिवसांच्या आत, स्वतः जाऊन करा. हे काम आता पूर्वीपेक्षा फार मोलाचे झाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ही बाळे आज अंगणवाडीच्या वयाची आहेत. नोंद वर्षभर राहून गेली की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आज तुमची एक सही चुकली, तर उद्या त्या मुलाचे अख्खे बालपण तहसीलच्या पायऱ्यांवर जाईल. पत्त्यासाठी आधारच्या ठरावीक नमुन्यात दाखला द्यायचा अधिकारही तुम्हाला आहे, तो वापरा.

जिल्हाधिकारी आणि तहसीलदार महोदयांना विनंती आहे की आधार, जातीचे दाखले आणि रेशनकार्ड यांची शिबिरे तहसील कार्यालयात न भरवता बेड्यावर आणि पालांवर भरवावीत. आधार कायद्याच्या कलम ५ मध्येच भटक्या जमाती आणि कायम घर नसलेल्या माणसांसाठी विशेष उपाय करण्याची जबाबदारी नमूद आहे. जुना पुरावा नसेल तिथे गृहचौकशी करून दाखले द्यावेत. पांढरकवडा आणि पुसद येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी पारधी कुटुंबांची यादी घेऊन स्वतः बेड्यावर यावे. पावसाळ्यात पर्यायी जागा दिल्याशिवाय एकही पाल उठवू नये.

डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांच्या प्रमुखांना विनंती आहे की उपचार आधी सुरू व्हावेत, कागद नंतर बघावेत. सरकारी रुग्णालयाने गरजू रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. ज्याला कोणी नाही अशा रुग्णासाठी समाजसेवा अधीक्षकांनी सोबतीची व्यवस्था करावी आणि सुटी देताना तो कुठे जाणार हे विचारूनच सुटी द्यावी.

तरुणांनो, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेत आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तुमच्याजवळ वेळही आहे आणि उमेदही. रुग्णालयात एकट्या पडलेल्या रुग्णांजवळ पाळीपाळीने बसा, त्यांचे रिपोर्ट आणा, औषधे आणा. शहराच्या लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक बारमाही निवारा असावा, असे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या धोरणात ठरले होते. आपल्या नगर परिषदेचा निवारा कुठे आहे, तो रात्री उघडा असतो का, बायकांना तिथे सुरक्षित झोपता येते का, हे जाऊन पाहा. नसेल तर मागा, आणि मागत राहा.

जिनिंगमालक, वीटभट्टीमालक आणि कंत्राटदारांनो, मजुरांची मुले तुमच्या आवारात आहेत. त्यांच्या राहण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय करा, आणि दिवसा ती मुले कामावर दिसू नयेत, शाळेत दिसावीत, एवढी काळजी घ्या.

काही क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. संकटातल्या मुलासाठी १०९८. अत्यवस्थ रुग्णासाठी १०८. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला मोफत गाडीसाठी १०२. मानसिक त्रासात असलेल्यासाठी १४४१६. पोलीस मदतीसाठी ११२. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. फोन करताना ठिकाण नीट सांगा, आणि गाडी येईपर्यंत तिथून हलू नका.

एक शेवटची मागणी

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. गेल्या गणनेत जी माणसे सुटली, ती दीड दशक योजनांच्या बाहेर राहिली. या वेळी आपल्या गावातली, आपल्या वॉर्डातली एकही पालवस्ती, एकही फूटपाथवर झोपणारा माणूस सुटता कामा नये. गणकांना वाट दाखवायला आपण सोबत जायचे आहे, आणि त्यासाठीच्या याद्या आतापासून तयार ठेवायच्या आहेत.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलांचे शिक्षण, बेघरांचा आसरा आणि रोग्यांचे औषधपाणी या तिन्ही कामांना जागा आहे. बाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. मुंबईत उपचारांसाठी आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते. वऱ्हाडच्या मातीतून हे काम उभे राहिले. ते पुढे नेण्यासाठी आपल्याला धर्मशाळा बांधावी लागणार नाही. एका मुलाला शाळेत आणि एका रुग्णाला दवाखान्यात पोहोचवायचे आहे, आणि तिथून ते परत पाठवले जाणार नाहीत इतका वेळ त्यांच्या शेजारी उभे राहायचे आहे.

शाळा उघडण्यापूर्वी, पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या गावाबाहेरच्या पालावर एकदा जा. प्रत्येक गावाने आणि प्रत्येक वॉर्डाने एकेका बेघर कुटुंबाची जबाबदारी घेतली, तरी या पावसाळ्यात जिल्ह्यातली कितीतरी मुले वर्गात बसलेली असतील आणि कितीतरी जीव वाचलेले असतील. बंधू-भगिनींनो, आजच निघा.